धुळीचे माप

पोलादाच्या कारखान्याचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे लेखक बहुधा त्याच्या विराटपणावर लुब्ध होतो. भिलाईविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात झोतभट्ट्यांची उंची, रुळांची लांबी, उत्पादनाचे लक्षावधी टन यांचीच मोजदाद अधिक आढळते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोविएत संघाशी झालेला करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन, या दोन तिथी तर सरकारी स्मरणिकांनी पाठच करून टाकल्या आहेत. आम्हांस आज या विराट कथेच्या दुसऱ्या टोकाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पोलाद जितके अवाढव्य, तितकाच त्याचा हिशेब बारीक असतो. दगडाचा तुकडा केवढा, चुरा केवढा, भुकटी किती बारीक, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर त्या अवाढव्य भट्टीचा श्वास कोंडतो. हा बारीक हिशेब माणसाने आधी डोळ्याने व हाताने, मग चाळणीने, मग पाण्याने आणि शेवटी प्रकाशाच्या किरणाने कसा केला, याचा इतिहास भिलाईच्या आसपास जितका सलग दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

हा मुलूख आमच्या वाचकांस अगदीच परका नाही. रतनपूरवर १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी झाली तेव्हापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड या ना त्या रूपाने नागपूरकर भोसल्यांच्या छत्राखाली होता. आणि त्यानंतरही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याचे कागद नागपूरच्या सचिवालयातच जात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, आणि दल्ली-राजहराचा डोंगराळ भाग २०१२ पासून दुर्गातून निघून बालोद या नव्या जिल्ह्यात गेला. तेव्हा या भागात नेमणुकीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्याला जुन्या दप्तरांत मोडी लिपीतील एखादे बाड आढळले तर त्याने आश्चर्य करू नये.

लोखंडाच्या शोधाची वाटही नागपूरवरूनच गेली आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल काढली ती १८७७ साली. पुढे १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोखंडी दगड आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असा त्यातील मुख्य मुद्दा. वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही, आणि लोहाऱ्याचे स्वप्न तेथेच राहिले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात कोणा बड्या अधिकाऱ्यास भेटावयास गेले असता तो जागेवर नव्हता, आणि वेळ घालविण्यासाठी समोरच्या संग्रहालयात शिरले असता तेथे मध्यप्रांताच्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्हा गडद रंगाने रंगविलेला त्यांना दिसला, ही गोष्ट टाटांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. साहेब जागेवर नसल्यामुळे देशाचे कल्याण झाल्याचे हे विरळा उदाहरण होय. दल्ली-राजहराच्या या डोंगरांची माहिती भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८७ सालीच प्रसिद्ध केली होती. टाटांच्या माणसांनी ते डोंगर पाहिले आणि दगडाची प्रशंसा केली. परंतु जवळ कोळसा नाही म्हणून ते पूर्वेकडे वळले, आणि कारखाना साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास झाला. दल्ली-राजहराचा दगड आणखी पन्नास वर्षे डोंगरातच राहिला.

आता तुकड्याच्या मापाकडे वळू. झोतभट्टी हे एक उभे धुराडे आहे असे समजा. वरून दगड, कोक आणि चुनखडी यांचे थर पडत असतात आणि खालून तापलेल्या हवेचा झोत वर चढत असतो. हा झोत थरांतील पोकळ्यांतून वाट काढतो. तुकडे साधारण सारख्या आकाराचे असले तर पोकळ्या मोकळ्या राहतात. त्यांत चुरा मिसळला तर तो पोकळ्यांत जाऊन बसतो, वाट बुजते, आणि वायू जेथे सापट मिळेल तेथूनच उसळी मारतो. मग भट्टी एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने तप्त, अशी रोगी होते. म्हणून ढोबळमानाने १० ते ४० मिलिमीटर या मापाचा तुकडा भट्टीत जावा आणि त्याखालचा चुरा बाजूस पडावा, असा दंडक आहे. चुरा फुकट जाऊ नये म्हणून तो कोकच्या भुकटीबरोबर भाजून त्याचे सच्छिद्र ढेप बनवितात. त्यास सिंटर म्हणतात.

हे १० ते ४० मिलिमीटरचे माप आरंभी कोणी घेतले? माणसाच्या हाताने. दल्ली-राजहराच्या काही खाणी यंत्रांनी चालत, पण पुष्कळ खाणी हाताच्या होत्या. सुरुंगाने उडालेला दगड घणाने आणि हातोडीने फोडावयाचा, हाताने निवडावयाचा, टोपलीने वाहून ट्रकमध्ये भरावयाचा, हे काम कंत्राटदारांकडील हजारो मजूर करीत, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्या बाईच्या हाताला तुकडा केवढा हवा हे ठाऊक होते. तिच्याजवळ चाळणी नव्हती, पण तिची मजुरी तुकड्यांच्या टनांवर ठरत होती, आणि पोटाशी बांधलेले माप सहसा चुकत नाही.

या मजुरांनी १९७७ साली आपली संघटना उभी केली. शंकर गुहा नियोगी हे तिचे नेते. ते पूर्वी भिलाईच्याच कोक-भट्ट्यांत काम केलेले गृहस्थ होते. २ व ३ जून १९७७ रोजी दल्ली-राजहरा येथे पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो खाणींच्या पूर्ण यांत्रिकीकरणाचा. यंत्राने दगड फोडून यंत्रानेच चाळला तर हजारो हात रिकामे होणार होते. संघटनेने यंत्रास सरसकट नकार दिला नाही, ही गोष्ट तिच्या टीकाकारांनी पुष्कळदा नजरेआड केली आहे. तिने अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना मांडली: जेथे श्रम अमानुष आहेत तेथे यंत्र यावे, फोडणे-निवडणे-भरणे हाताकडे राहावे, आणि हा मार्ग खर्चातही परवडतो, असा तिचा आकडेवारीसह दावा होता. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झाली. आम्ही येथे त्या लढ्याचा इतिहास लिहीत नाही. परंतु कणाच्या मापाची कथा ही केवळ प्रयोगशाळेची कथा आहे असे मानून चालणाऱ्यांस इतके तरी सांगावयास हवे की, चाळणीचे भोक केवढे असावे या प्रश्नाखाली कित्येक घरांची चूल दडलेली असते.

चाळणीविषयी फार लिहिण्याजोगे नाही. धान्य चाळणारी बाई आणि प्रयोगशाळेत हलणारी पितळी चाळण्यांची उतरंड यांत तत्त्वतः भेद नाही. जुन्या चाळण्या इंचात किती भोके यावरून ओळखल्या जात. मेट्रिक वजने-मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने लागू झाली, म्हणजे भिलाईच्या पहिल्या लोखंडाच्या अवघे चार महिने आधी, आणि भोकाचे माप मिलिमीटर व मायक्रॉनमध्ये सांगण्याची रीत रूढ झाली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. चाळणीची सत्ता साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनपर्यंत चालते. त्याखाली भोके बुजू लागतात, कण एकमेकांस चिकटतात, आणि चाळणाराचा संयमही सुटतो.

मग पाण्याची पाळी आली. जॉर्ज स्टोक्स याने १८५१ साली सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे बारीक कण पाण्यात बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अर्थात कण निम्मा झाला तर वेग चौथाई. भुकटी पाण्यात ढवळून ठेवावी, ठराविक वेळाने ठराविक खोलीवरचे पाणी काढून वाळवून तोलावे, आणि कोणत्या मापाचे कण किती ते काढावे. पद्धत निर्दोष, पण वेळ किती? साध्या मातीचा दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यावयास सुमारे आठ तास घेतो. लोखंडी दगड जड, म्हणून त्याचा तेवढाच कण सव्वातीन तासांत येईल. तथापि भट्टी सव्वातीन तास वाट पाहत नाही.

येथे सिमेंटचा उल्लेख करणे प्राप्त आहे, कारण भिलाईच्या अंगणातच त्याचा कारखाना आहे. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर जी धातुमळी निघते ती पाण्याच्या माऱ्याने एकदम थंड केली की काचेसारखी दाणेदार होते, आणि सिमेंटच्या खड्यांबरोबर दळली की तिच्यात सिमेंटचे गुण येतात. जवळच्या जामुल येथे हा उद्योग १९६०-७० या दशकात सुरू झाला. सिमेंटची सारी करामत त्याच्या बारीकपणात आहे. एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा मायक्रॉनचे घन पाडा. त्यांची संख्या शंभर कोटी होईल आणि एकंदर पृष्ठभाग हजारपट वाढेल. पाण्याची प्रक्रिया पृष्ठभागावरच होते, म्हणून सिमेंट किती लवकर बळ धरील हे दळण्यावर ठरते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचा पृष्ठभाग किलोग्रॅममागे निदान २२५ चौरस मीटर असावा लागतो. पन्नास किलोच्या एका पोत्याचा हिशेब केला तर पावणेतीन एकरांहून किंचित अधिक जमीन होते! जमीन-महसूल खात्यातील आमच्या वाचकांनी हा आकडा अवश्य पडताळून पाहावा.

हा पृष्ठभाग मोजण्यासाठी अमेरिकेत वॅग्नर याने १९३३ साली जे उपकरण प्रसिद्ध केले त्यात सिमेंट केरोसिनमध्ये ढवळून त्या गढूळ द्रवातून प्रकाश सोडीत, आणि पलीकडे किती पोहोचला यावरून अनुमान बांधीत. पुढे १९४३ च्या सुमारास ब्लेन याची हवेची पद्धत आली आणि तीच आजवर टिकली. वॅग्नरचे उपकरण मागे पडले. परंतु गढूळ द्रवातून प्रकाश सोडून कणांस प्रश्न विचारावयाचा, ही कल्पना कारखान्यात शिरली ती या दाराने.

तिचे मूळ मात्र कितीतरी जुने आहे. थॉमस यंग हा पेशाने वैद्य. प्रकाशाच्या तरंगांचा तो मोठा पुरस्कर्ता आणि मिसरी लिपीच्या उकलीतील एक अग्रेसर म्हणून विद्वानांस परिचित आहे. त्याने १८१३ साली एका वैद्यकीय ग्रंथात लोकर मोजण्याचे एक साधन वर्णिले. पत्र्यास मध्यभागी एक भोक, त्याभोवती बारीक छिद्रांचे वर्तुळ, मागे दिवा, आणि डोळ्यासमोर लोकरीचा पुंजका. एवढीच त्याची सामग्री. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि तंतू जितका बारीक तितके कडे मोठे. तंतू पुढे-मागे सरकवून कडे त्या छिद्रांच्या वर्तुळाशी जुळविले की माप निघाले. याच साधनाने त्याने रक्तातील कणही मोजले. चंद्राभोवती पातळ ढगांतून जे तेजोमंडल दिसते त्याचे कारणही हेच: ढगातील थेंब प्रकाशास वळवितात. लहान वस्तू प्रकाश अधिक पसरविते आणि मोठी कमी पसरविते, हा उलटा न्याय वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे यंत्र त्यावर उभे आहे.

जॉन टिंडल याने १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीतील विरळ वाफेत तीव्र प्रकाश सोडून निळा मेघ निर्माण केला आणि त्याच किरणाने लंडनच्या हवेतील धूळ दृश्य करून दाखविली. १८७१ साली लॉर्ड रॅले याने गणित मांडले: कण तरंगलांबीहून पुष्कळ लहान असले तर प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० धरली तर निळा तांबड्याहून सव्वाचारपटींहून अधिक पसरतो. आकाश निळे का, याचे उत्तर ते हेच.

या ठिकाणी कथेत एक हिशेबतपासनीस प्रवेश करतो, आणि आमच्या वाचकवर्गास त्याच्याविषयी विशेष आत्मीयता वाटावी. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली भारत सरकारच्या अर्थखात्यात लागले. कलकत्त्याहून १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर, १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता, अशा त्यांच्या बदल्या झाल्या. नागपूर त्या वेळी ज्या मध्यप्रांताची राजधानी होते त्यातच दुर्ग जिल्हा येत होता. दिवसा सरकारचा जमाखर्च आणि सकाळ-संध्याकाळ ध्वनी व प्रकाश, अशी दहा वर्षे काढून १९१७ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली. १९२१ च्या सप्टेंबरात विलायतेहून परत येताना नारकुंडा बोटीवर त्यांनी एका लोलकाच्या साहाय्याने समुद्राच्या निळाईचे निरीक्षण केले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे रॅलेचे मत होते. प्रतिबिंब लोलकाने काढून टाकले तरी निळाई उरतेच, उलट खुलते, हे रामन यांनी पाहिले आणि पाण्याचे रेणूच प्रकाश पसरवितात असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाच्या पत्राखाली मुंबई बंदर आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक ही याच वाटेवरची पुढली स्थानके. सरकारी नोकरीतील माणसास फुरसत नसते, ही सबब रामन यांच्या चरित्रानंतर जरा दुबळी पडते, एवढे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

रॅलेचा नियम तरंगलांबीहून फार लहान कणांचा. आणि तिच्याहून फार मोठ्या कणांस यंगची व फ्राउनहोफर याची विवर्तनाची कडी लागू पडतात. मधल्या कणांचे काय? गुस्टाफ मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १९०८ साली सोन्याच्या कलिलाचे रंग समजावून घेण्याच्या खटाटोपात हे मधले गणित पुरे केले. कण गोल धरला, त्याचा प्रणमनांक व शोषण ठाऊक असले, तर कोणत्या कोनात किती प्रकाश जाईल हे तो सांगतो. डेन्मार्कच्या लोरेंत्स याने १८९० सालीच तशा स्वरूपाचे काम केले होते, पण ते त्याच्या मातृभाषेत प्रसिद्ध झाल्यामुळे बाहेरच्यांनी फारसे वाचले नाही. परप्रांतात मराठी मासिक चालविणाऱ्यांनी या गोष्टीवर मनन करावे की नाही हे आम्ही ठरवू शकलो नाही. मीचे गणित खरे होते, परंतु एकेका कणासाठी आकडेमोड इतकी की ते ग्रंथातच पडून राहिले. त्यास दोन गोष्टी हव्या होत्या, एक शुद्ध किरण आणि दुसरे वेगवान गणकयंत्र.

किरण मिळाला तो १६ मे १९६० रोजी, जेव्हा कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अली जावन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूंचा लेसर सिद्ध केला. त्याचा प्रकाश आरंभी अदृश्य, अवरक्त होता, आणि १९६२ साली त्याच वायूंतून ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा किरण निघाला. दिव्याच्या प्रकाशात सर्व तरंगलांबींची गर्दी असते, त्यामुळे कडी एकमेकांत मिसळतात. लेसर एकाच तरंगलांबीचा आणि सरळ रेषेत जाणारा, म्हणून त्याची कडी रेखीव उमटतात. त्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये सिमेंटच्या उद्योगासाठी लेसरवर चालणारे कणमापक तयार झाले, आणि १९७६ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे स्विदनबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंधनाच्या फवाऱ्यातील थेंब मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. शेफील्ड हे पोलादाचेच गाव, हा योगायोग सुखद आहे. १९९९ साली या मापनाचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले.

यंत्राचे काम साधे आहे. भुकटी पाण्यात किंवा हवेच्या झोतात विखुरलेली, तीतून तांबडा किरण जातो, पलीकडे प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची मालिका. शंभर मायक्रॉनच्या कणाचे पहिले काळे कडे अर्ध्या अंशाच्याही आत पडते. दहा मायक्रॉनच्या कणाचे सुमारे साडेचार अंशांवर. आणि एक मायक्रॉनचा कण प्रकाश पन्नास अंशांपर्यंत उधळून देतो. खऱ्या भुकटीत सर्व मापांचे कण एकत्र, म्हणून चकत्यांवर पडते ती सर्वांच्या कड्यांची बेरीज. त्या बेरजेवरून मूळ रकमा काढणे हे गणकयंत्राचे काम. स्टोक्सच्या नळीला ज्यास तास लागत ते येथे मिनिटभरात होते. मायक्रॉनहूनही पुष्कळ लहान कणांसाठी वेगळी युक्ती १९६४ मध्ये पुढे आली: द्रवात कणांची जी अखंड थरथर चालते तिच्यामुळे परतलेला प्रकाश लुकलुकतो, लहान कणाची लुकलुक जलद, मोठ्याची संथ. भिलाईच्या भुकटीस तिची फारशी गरज नाही, म्हणून तिचा विस्तार करीत नाही.

या मापाच्या मर्यादा न सांगता त्याची स्तुती करणे हा आमच्या मते अपराध होईल. पहिली मर्यादा अशी की यंत्र प्रत्येक कणास गोल समजते. लोखंडी दगडाचे काही कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. चाळणीतून ते आडवे-तिडवे होऊन निसटतात, पाण्यात हळू बुडतात, आणि प्रकाशास मात्र आपली रुंद बाजू दाखवितात. तिन्ही पद्धतींची तीन उत्तरे येतात आणि त्यांपैकी एकही खोटे नसते. दुसरी मर्यादा प्रणमनांकाची. पाण्याचा १.३३, आणि लोखंडी दगडातील तांबड्या हेमॅटाइटचा जवळजवळ ३. हा आकडा व शोषणाचा आकडा यंत्रास माणसाने सांगावयाचा असतो. बारीक कणांच्या बाबतीत तो चुकीचा दिला तर यंत्र नसलेले कण शोधून काढते आणि असलेले गिळते, आणि आलेख तितकाच देखणा येतो. एकाच भुकटीचे दोन प्रयोगशाळांत दोन निकाल आले म्हणजे कोणी लबाडी केली असे मानण्यापूर्वी हा आकडा तपासावा.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आणि ती यंत्राबाहेरची आहे. यंत्रास लागते चिमूटभर भुकटी. आणि निकाल लागू होतो मालगाडीस. शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण खरी, पण ती ढवळलेल्या भाताची. ढिगाऱ्यात मोठे तुकडे घसरून पायथ्याशी जातात आणि चुरा माथ्याशी व पोटात राहतो. नमुना कोठून घेतला यावर सारे अवलंबून. खरेदीच्या करारात बारीक चुऱ्याच्या टक्क्यांवर दंड असतो हे ज्यांनी असे करार तपासले आहेत त्यांस सांगणे नको. लेसरचा निकाल तीन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो, तेव्हा त्याकडे पाहून फावडे कोणी धरले होते हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांस राहते. आमच्या मते तो प्रश्न प्रथम विचारावा आणि दशांश स्थळे मागाहून पाहावी.

बारीक कणांचे महत्त्व पोलादाच्या कामात पुढे वाढतच गेले. कोक महाग, म्हणून कोळसा पिठासारखा दळून झोताबरोबर भट्टीत फुंकण्याची रीत आली. तो बहुतांशी ९० मायक्रॉनच्या आत दळलेला हवा, नाहीतर क्षणार्धात जळत नाही. भिलाईची आठवी झोतभट्टी २०१८ च्या फेब्रुवारीत पेटली. तिचे पोट ४०६० घनमीटर, पहिल्या तीन भट्ट्यांच्या जवळजवळ चौपट. एवढ्या मोठ्या पोटात वायूची वाट मोकळी ठेवणे हे पूर्वीहून कठीण काम असते.

हवेतली धूळ हा या विषयाचा दुसरा पदर. फुफ्फुसात खोलवर जाणारा कण १० मायक्रॉनच्या आतला, आणि त्याहून घातक अडीच मायक्रॉनच्या आतला. २००९ साली ठरलेल्या राष्ट्रीय मर्यादेप्रमाणे अडीच मायक्रॉनच्या आतल्या धुळीचे प्रमाण घनमीटरमागे चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ-हवा कार्यक्रमात छत्तीसगडची जी शहरे घेतली गेली त्यांत रायपूर आणि कोरबा यांबरोबर भिलाई आहे. खरे माप धूळ गाळून तोलण्याचे. परंतु हल्ली घराघरांत जी लहान यंत्रे दिसतात त्यांत लेसरचा किरणच असतो आणि ती कणाने उधळलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज बांधतात. हिवाळ्याच्या दमट पहाटे कण ओल्याने फुगतात आणि यंत्र धूळ वाढली म्हणते. याच तत्त्वाचा भव्य प्रयोग पुण्यास झाला: तेथील उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने १९८६ पासून आर्गॉन लेसरचा किरण आकाशात सोडून वरच्या हवेतील धूलिकणांची नोंद ठेवली. टिंडलच्या नळीचे काम पुण्याच्या आकाशाने केले म्हणावयाचे.

दल्ली-राजहराचा उत्तम दगड आता संपत आला आहे आणि कारखान्याची दृष्टी दक्षिणेस रावघाटच्या डोंगरांकडे लागलेली आहे. परंतु जुन्या खाणींनी मागे एक ठेवा टाकला आहे. दगड धुताना जे तांबडे पाणी वाहून गेले त्यातला गाळ हितकसाच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे साठत राहिला. त्यात लोखंड आहे, पण मातीचे ॲल्युमिना त्याच्याशी मिसळलेले आहे, आणि कण इतके सूक्ष्म की चाळणीच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. या गाळातून लोखंड वेगळे काढून त्याच्या गोळ्या वळता येतील का, याचा विचार प्रयोगशाळांतून होत आला आहे. पहिला प्रश्न अर्थातच मापाचा: कोणत्या मापाच्या कणांत लोखंड अधिक आणि कोणत्यांत माती, कारण भोवऱ्याच्या यंत्राने पाणी फिरवून दोहोंची फारकत करावयाची ती कणाच्या मापावर व वजनावरच. वीस मायक्रॉनच्या खाली ही फारकत अवघड होत जाते. हातोडी धरणाऱ्या बाईने जो चुरा हाताने बाजूस सारला आणि धुणाऱ्या यंत्राने जो पाण्याबरोबर सोडून दिला, त्याचा चिमूटभर नमुना आता पाण्यात ढवळून तांबड्या किरणापुढे धरला जातो.